"नाही, पण मूळचे कुठले?"

भवानीपेठकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "मूळ गाव विचारणं ही पुणेकरांची आपुलकी, त्याचा बाऊ कशाला?" बाऊ नाही, वीट आलाय. आम्ही पद्मशाली. पणजोबा मागावर बसायला भवानी पेठेत आले, तेव्हापासून इथलेच. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. गेल्या महिन्यात सदाशिव पेठेत भाड्याची जागा बघायला गेलो. आडनाव ऐकताच मालक हिंदीवर. मी मराठीत उत्तरं देतोय, ते हिंदीतच विचारतायत. निघताना म्हणाले, "मराठी छान शिकलात हो!" शिकलो? माझी दहावी मराठी माध्यमातली आहे.

कोथरूडची काकू: वयस्कर माणसाने कौतुक केलं तर एवढं झोंबायला काय झालं? माझ्या सासूबाई आडनावावरून थेट कुलदैवतापर्यंत पोचायच्या. कुणी रागावलं नाही.

भवानीपेठकर: काकू, तुम्ही 'राजापूर' म्हणालात की विषय संपतो. मी 'भवानी पेठ' म्हटलं की पुन्हा तेच, "नाही, पण मूळचे?"

पेठांचा इतिहास: मूळच काढायचं तर बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे, १७१३ ला पेशवे झाले. शनिवारवाडा १७३२ चा. रास्ता पेठेत बेने इस्राएलांचं, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. त्यांची आडनावं पेणकर, नवगावकर आणि घरची भाषा मराठी. त्यांना काय विचारणार?

नागपूरची लेक: आडनाव मराठी असून सुटका नाही! दुकानात "काय करून राहिले?" म्हटलं की लगेच "तिकडच्या का?" सतरा वर्षं झाली इथे.

कोथरूडची काकू: मग शुद्ध बोला. हिंदीची ढब आहे ती.

नागपूरची लेक: शुद्ध कुणी ठरवलं? मराठीतला आद्य गद्यग्रंथ लीळाचरित्र आमच्या रिद्धपूरला लिहिला गेला. तुमच्या पेठा तेव्हा वसल्याही नव्हत्या.

पेठांचा इतिहास: कसबा जुना आहे. बाकी पेठांपुरतं तुमचं बरोबर.

नागपूरची लेक: कसबा ठेवा तुम्हाला! माझी मुलगी शाळेत हसतील म्हणून आजीशी फोनवर बोलायला लाजते. त्याचं काय?

कोथरूडची काकू: लेकराचं वाचून वाईट वाटलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नारायण पेठेतलं आमचं घर गेलं. गोखलेनगरला राहायला गेलो. नव्या शाळेत मुली मला "पूरग्रस्तांतली" म्हणायच्या. बाई नाव विचारायच्या, मागून कुणीतरी तेच सांगायचं. घरी येऊन रडायचे. त्या मालकांनी हिंदीत बोलायला नको होतं, एवढं मान्य. पण "करून राहिले" कानाला खटकतं ते खटकतंच.