व्हीएमसी रेट्रोफिट: ड्रिलिंगला झेड हळूहळू वर सरकतोय, एक्स-वाय मात्र बरोबर

मकरपुरा_मिलिंग

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन मिलिंग, एक लेथ आणि एक जुनं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन). व्हीएमसीचा मूळचा कंट्रोल दोन वर्षांपूर्वी गेला, बोर्ड दोनदा रिपेअर करून आणला आणि दोनदा परत बंद पडला, पण मशीनचं लोखंड एक नंबर आहे, स्लाइड घट्ट, बॉलस्क्रूत खेळ नाही, भंगारात द्यायला जीव होईना. म्हणून दिवाळीनंतर मी आणि धाकट्या भावाने मिळून रेट्रोफिट, म्हणजे जुन्या मशीनला नवा कंट्रोल, करायला घेतलं.

लिनक्ससीएनसी (पीसीवर चालणारं मशीनचं कंट्रोल सॉफ्टवेअर) आणि ड्राइव्हला पल्स सोडणारं मेसाचं ७आय७६ई कार्ड घेतलंय, पीसीला इथरनेटने जोडलंय. तिन्ही अ‍ॅक्सिसला नवीन एसी सर्वो (मोटर आणि तिला चालवणारा ड्राइव्ह), स्टेप-डायरेक्शनवर, म्हणजे एका लाइनवर पल्स आणि दुसरीवर दिशा, झेडच्या मोटरला ब्रेक आहे. बॉलस्क्रूचा पिच १० मिमी, मोटर डायरेक्ट कपल, एन्कोडर २५०० लाइनचा म्हणजे चौपट धरून फेरीला १०००० पल्स, ड्राइव्हमधला गिअर १:१ ठेवलाय. म्हणजे स्केल १००० पल्स प्रति मिमी, एक पल्स एक मायक्रॉन. रॅपिड (कटिंग नसतानाची वेगवान चाल) सध्या मिनिटाला ८ मीटरवर आहे. स्पिंडल ५.५ किलोवॅट, व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह).

आता अडचण. एका प्लेटला १२ बंद भोकं आहेत, जी८३ ने पाच-पाच पेक घेऊन, म्हणजे ड्रिल थोडं आत घालून पुन्हा वर काढत. पहिल्या भोकाची डेप्थ बरोबर, बाराव्याची कमी. प्लेट संपल्यावर टूल रेफरन्स ब्लॉकवर टेकवून बघितलं तर झेड ०.१२ वर. होम केलं (मशीनचा मूळ शून्य पुन्हा घेतला) की पुन्हा बरोबर, पुढच्या प्लेटला परत ०.१२. एक्स-वाय मध्ये दोन तास प्रोफाइल मारलं तरी शून्यावर शून्य येतं. कपलिंगचे स्क्रू चार वेळा आवळले, मार्कर पेनने शाफ्टवर आणि कपलिंगवर रेघ मारली, रेघ हललेली नाही.

अजून दोन गोष्टी. स्पिंडल चालू करताना कधीकधी एक्स लिमिट (टोकाचा स्विच) लागली म्हणून मशीन थांबतं, स्विचला कोणी शिवलेलं नसताना. आणि इमर्जन्सी दाबली की झेडचं हेड दोन-तीन मिमी खाली बसतं आणि मग ब्रेक धरतो. परवा त्यात एक ड्रिल मोडलं, भाऊ टूल बदलायला हात घालणारच होता. तेव्हापासून त्या बटणाचीच धास्ती बसलीय.

पॅनल_बडोदा

भाऊ, व्हीएफडीचा नॉइज आहे हा. स्पिंडलचा केबल आणि स्टेपचे केबल एकाच ट्रंकिंगमधून (केबलच्या पट्टीतून) नेलेत का ते आधी सांगा, शंभरातल्या नव्वद पॅनलात तेच सापडतं. व्हीएफडी ते मोटर शील्डेड केबल पाहिजे, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ, आणि तीही शेपटीसारखी पिळून लगमध्ये घालायची नाही, वरचं प्लास्टिक सोलून क्लॅम्पखाली पूर्ण गोल दाबायची. पॅनलच्या प्लेटचा रंग तिथे खरवडून काढा, रंगावर क्लॅम्प बसवला तर अर्थिंग नावालाच. सिग्नलचे केबल वेगळ्या ट्रंकिंगमधून न्या, जिथे ओलांडायलाच लागतील तिथे काटकोनात ओलांडू द्या. व्हीएफडीच्या इनपुटला ईएमआय फिल्टर, तोही व्हीएफडीला चिकटून.

लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड (एनसी, एरवी जोडलेले) आणि २४ व्होल्टवर आहेत ना? ५ व्होल्टवर लांब वायर नेली असेल तर ती अँटेनाच समजा.

लेथवाले_काका

मला कॉम्प्युटरचं फार कळत नाही पण हेड खाली येतंय ते वाचून राहवलं नाही. आमचे वडील कलाभवनात (बडोद्याच्या जुन्या तंत्रशाळेत) शिकलेले, ते शॉपमध्ये पहिल्या दिवशी एकच सांगायचे, लटकणाऱ्या वजनाखाली हात नाही. मोटरचा ब्रेक हा उभं असलेलं वजन धरून ठेवायला असतो, चालतं वजन थांबवायला नाही, रोज तसं वापरलं तर लायनिंग झिजतं आणि एक दिवस धरतच नाही. जोवर हे नीट होत नाही तोवर हेडखाली लाकडाचा ठोकळा घातल्याशिवाय टूलला हात लावू नका, आणि धाकट्यालाही समोर बसवून सांगा. ड्रिल मोडलं ते भरून येईल.

स्टेपजेन_सांगली

@पॅनल_बडोदा दादांचं नॉइजचं सगळं बरोबर आहे आणि लिमिटचा प्रॉब्लेम त्यानेच जाईल असं वाटतं, पण झेडचं दुखणं मला वेगळं दिसतंय. नॉइज असा दर प्लेटला मोजून ०.१२ खात नाही, तो कधी ०.०३ खाईल, कधी ०.४, कधी काहीच नाही.

आकडे बघा. १२ भोकं, पाच पेक, म्हणजे झेड खाली जाऊन वर वळला ६० वेळा. ०.१२ ला ६० ने भागा, दर वळणाला ०.००२. तुमच्याकडे एक पल्स एक मायक्रॉन, म्हणजे बरोबर दोन पल्स. एक नाही, दोन, इथेच मेख आहे. पल्स नुसता हरवला असता तर एकचा फरक पडला असता. खाली जातानाचा शेवटचा पल्स ड्राइव्हने वरचा म्हणून मोजला तर एक वजा व्हायच्या जागी एक अधिक होतो, फरक दोनचा. म्हणजे डायरेक्शनची लाइन पल्सच्या फार जवळ बदलतेय आणि ड्राइव्ह त्या क्षणी चुकीची दिशा वाचतोय. प्रोफाइलमध्ये झेड जवळजवळ वळतच नाही म्हणून तिथे दिसत नाही.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजा. स्पिंडल पूर्ण बंद, व्हीएफडीची एमसीबी खाली, स्पिंडलखाली डायल लावा आणि झेड १० मिमी वर-खाली ५०० वेळा चालवा, शेवटी पुन्हा डायलवर आणा. मग तीन आकडे लिहून घ्या: लिनक्ससीएनसीने किती पल्स सोडले, ड्राइव्हच्या मॉनिटरमध्ये किती आल्याचं दिसतंय, आणि ड्राइव्हचा एन्कोडर किती सांगतोय. पहिल्या दोनात फरक असेल तर गडबड वायर किंवा टायमिंगची. दुसऱ्या-तिसऱ्यात फरक असेल तर मोटर मागे पडतेय, ट्यूनिंग किंवा लोड बघा. तिन्ही जुळले आणि डायल जुळला नाही तर कपलिंग, स्क्रू, बेअरिंग. लोक यातलं काहीच न मोजता आधी कपलिंग आवळत बसतात, मग ड्राइव्ह बदलतात, मग कार्ड.

आणि झेडच्या स्टेपजेनची (लिनक्ससीएनसीत पल्स बनवणारा भाग) चार टायमिंग इथे टाका, स्टेपलेन (पल्सची रुंदी), स्टेपस्पेस (दोन पल्समधली जागा), डिरसेटअप (दिशा बदलल्यावर पल्सआधी थांबायचा वेळ), डिरहोल्ड (पल्सनंतर दिशा तशीच ठेवायचा वेळ).

मकरपुरा_मिलिंग

आज दुकान बंद झाल्यावर टेस्ट केली. आधी लिमिटचं सांगतो, @पॅनल_बडोदा दादा तुम्ही म्हणालात तसंच निघालं, स्पिंडलचा केबल लिमिटच्या केबलबरोबर एकाच ट्रंकिंगमध्ये होता आणि शील्ड पिळून लगमध्ये घातलेली. स्विच एनसी आणि २४ व्होल्टवरच आहेत. केबल वेगळा केला, प्लेट खरवडून क्लॅम्प लावला, त्यानंतर स्पिंडल तीसेक वेळा चालू-बंद केला, एकदाही ट्रिप नाही.

आता झेड. व्हीएफडी बंद, १० मिमी, ५०० वेळा. शेवटी डायलकडे बघितलं तर मोठा काटा बरोबर शून्यावर. मी भावाला म्हटलं सुद्धा की बघ, काही एरर नाही, म्हणजे नॉइजच होता. तो टॉर्च घेऊन वाकला आणि म्हणाला, दादा छोटा काटा बघ. छोटा काटा एक घर सरकलेला. म्हणजे मोठ्याने पूर्ण एक फेरी मारली होती, १.०० मिमी! ५०० वळणं गुणिले ०.००२. अंगावर काटा आला खरंच, तुम्ही सांगलीत बसून सांगितलेला आकडा आमच्या डायलवर.

सोडलेले आणि ड्राइव्हला मिळालेले पल्स यात १००० चा फरक, ड्राइव्ह आणि एन्कोडर जुळतात. टायमिंग अशी: स्टेपलेन २५००, स्टेपस्पेस २५००, डिरसेटअप २००, डिरहोल्ड २००. शेवटची दोन एका स्टेपर मशीनच्या फाइलमधून तशीच उचलली होती, ती बदलायची राहिली.

पण मग एक्स-वायला पण तीच टायमिंग आहेत, तिथे का होत नाही?

स्टेपजेन_सांगली

हे आकडे नॅनोसेकंदात असतात, म्हणजे २०० म्हणजे ०.२ मायक्रोसेकंद. ऑप्टो (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणाऱ्या) इनपुटच्या सर्वो ड्राइव्हला ते फारच कमी. डिरसेटअप आणि डिरहोल्ड दोन्ही १०००० करा, फक्त वळताना तेवढं थांबतं, कटिंगला काही फरक पडत नाही. स्टेपलेन-स्टेपस्पेस आहेत ते ठीक, २.५ अधिक २.५ म्हणजे २०० किलोहर्ट्झपर्यंत जागा आहे आणि तुमच्या ८ मीटर रॅपिडला १३३ किलोहर्ट्झ लागतात. पुढे रॅपिड १२ मीटरच्या वर न्यायचा विचार असेल तर दोन्ही कमी करायला लागतील, पण आधी ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये पल्सची किमान रुंदी बघून. बऱ्याच ड्राइव्हना ओपन कलेक्टरवर (एकाच वायरचा सिग्नल) २०० किलोहर्ट्झ आणि लाइन ड्रायव्हरवर (प्लस-मायनस दोन वायरचा, म्हणजे डिफरन्शियल) ५०० चालतात, मेसाचे आउटपुट डिफरन्शियल आहेत तेव्हा दोन्ही वायर जोडा, एक वायर आणि ग्राउंड असा शॉर्टकट नको.

एक्स-वायला का नाही, तर माझा अंदाज आहे की झेडच्या स्टेपच्या दोन वायर उलट लागल्यात. स्टेप प्लस ड्राइव्हच्या मायनसला आणि मायनस प्लसला. तसं असलं तरी मोटर फिरते, दिशाही बरोबर राहते, म्हणून कोणाला कळत नाही. फक्त ड्राइव्ह पल्सच्या सुरुवातीच्या कडेऐवजी शेवटच्या कडेला मोजायला लागतो. वायर सरळ असेल तर पल्सची पूर्ण रुंदी, तुमच्याकडे २.५ मायक्रोसेकंद, डिरहोल्डमध्ये फुकट मिळते. उलट असेल तर उरतात ते फक्त तुमचे ०.२. आणि चूक एकाच बाजूला होते याचं कारण ऑप्टो चालू पटकन होतो पण बंद व्हायला वेळ घेतो, त्यामुळे डायरेक्शन एका बाजूला वळताना निसटतं आणि दुसऱ्या बाजूला वळताना वाचतं. दोन्हीकडे सारखं झालं असतं तर अधिक-वजा होऊन गेलं असतं आणि तुम्हाला कधी दिसलंच नसतं.

दोन बदल एकदम करू नका. आधी फक्त टायमिंग बदलून ५०० ची टेस्ट घ्या. मग टायमिंग परत २०० करून वायर बदला आणि पुन्हा टेस्ट. दोन्ही वेळा शून्य आलं तर कारण नक्की झालं, मग दोन्ही बदल कायम ठेवा.

अजून एक, दुकानातला वायफाय राउटर १९२.१६८.१ च्या रेंजवर असेल तर कार्डचे जंपर बदलून १०.१०.१०.१० वर घ्या आणि पीसीला मेसासाठी वेगळं लॅन पोर्ट ठेवा. मशीनच्या वायरवर दुसरं काही येता कामा नये.

पॅनल_बडोदा

झेडच्या ब्रेकबद्दल. दोन प्रश्न, त्यातच उत्तर असेल. ब्रेकच्या कॉइलवर साधा डायोड लावलाय का? आणि इमर्जन्सीला कॉन्टॅक्टर ड्राइव्हची मेन पॉवर लगेच तोडतो का?

डायोड लावला की कॉइलचा करंट त्यातूनच फिरत राहतो आणि ब्रेक उशिरा बसतो, तेवढ्यात हेड खाली. ब्रेकवर डायोडच्या जागी व्हॅरिस्टर (जास्त व्होल्टेजलाच वाहणारा रेझिस्टर) लावा, करंट लवकर मरतो. रिलेच्या कॉइलला डायोड राहू दे, तिथे चालतो. ब्रेक तोडायचा तो २४ व्होल्ट डीसीच्या बाजूने, सप्लायच्या एसी बाजूने तोडला तर तिथेही तोच उशीर.

दुसरं, क्रम. इमर्जन्सी दाबली की आधी ड्राइव्हचा सर्वो-ऑन सिग्नल जायला (बंद व्हायला) पाहिजे, त्यावर ड्राइव्ह स्वतः मोटर थांबवतो, ब्रेक लावतो, ब्रेक बसेपर्यंत मोटर धरून ठेवतो आणि मग सोडतो. ही वेळ ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये असते, १५० ते २०० मिलिसेकंदापासून सुरू करून बघा. मेन पॉवरचा कॉन्टॅक्टर त्यानंतर अर्ध्या सेकंदाने पडू दे, सेफ्टी रिलेच्या डिलेवाल्या कॉन्टॅक्टवरून. मशीनच्या इलेक्ट्रिकल सेफ्टीच्या आयईसी ६०२०४-१ या स्टँडर्डमध्ये याला स्टॉप कॅटेगरी १ म्हणतात. ड्राइव्हची कंट्रोल पॉवर तोडायचीच नाही. आणि ही सगळी साखळी वायरने, एनसी कॉन्टॅक्टमधून. पीसीला फक्त कळवायचं की इमर्जन्सी पडली, पीसीच्या भरवशावर पॉवर तोडायची नाही, पीसी हँग होऊ शकतो.

काकांचं ठोकळ्याचं म्हणणं मात्र हे सगळं झाल्यावरही लागू आहे.

मकरपुरा_मिलिंग

चार दिवसांनी लिहितोय, उत्तरायणची (संक्रांतीची) सुट्टी मध्ये आली, गच्चीवरून कोणी खाली उतरायला तयार नव्हतं.

फक्त टायमिंग बदलून ५०० वेळा: शून्य, दोन्ही काटे जागेवर. टायमिंग परत २०० करून वायर बदलली: तेही शून्य. वायर उलटच होत्या. झेडचा केबल कमी पडला म्हणून मध्ये जोड दिला होता, दोन्ही केबलचे रंग वेगळे, एकात निळा प्लस तर दुसऱ्यात निळा मायनस, आणि जोड रात्री उशिरा मीच मारला होता. आता पूर्ण नवीन अखंड केबल टाकलाय, दोन्ही टोकांना नंबरचे फेरूल घातलेत, टायमिंगही १०००० केलंय.

ब्रेकवर डायोड होता. व्हॅरिस्टर लावला, सर्वो-ऑफचा डिले २०० मिलिसेकंद ठेवला, डिलेवाला सेफ्टी रिले घेऊन कॉन्टॅक्टर त्याच्यावर टाकला. हेडखाली डायल लावून इमर्जन्सी वीस वेळा दाबली, काटा दोन घरांपेक्षा जास्त हलला नाही, म्हणजे ०.०२. काका, ठोकळा बाभळीचा बनवून घेतलाय आणि टूलच्या ट्रॉलीला साखळीने बांधलाय.

प्लेटा परत चालू केल्या. काल ३६ झाल्या, पहिली आणि छत्तिसावी शेजारी ठेवून सगळ्या भोकांची डेप्थ मोजली, फरक ०.०१ च्या आत. आता रिजिड टॅपिंग (स्पिंडल आणि झेड जुळवून आटे पाडणं) करायचंय, स्पिंडलला एन्कोडर बसवायला जागा मागच्या पुलीजवळच आहे, फोटो उद्या टाकतो.

स्टेपजेन_सांगली

फोटोबरोबर पुलीचे दात पण मोजून लिहा, स्पिंडलला १:१ नसेल तर एन्कोडरचा इंडेक्स (फेरीची खूण देणारा पल्स) फेरीला एकदा येणार नाही आणि टॅपचा आटा दुसऱ्यांदा त्याच जागी पडणार नाही.