लिक्विड काय, कॉइल काय

डासांच्या मशीनमधल्या 'लिक्विडला धूर नाही, म्हणजे ते निर्धोक' असं कुणी म्हणालं, तर ते मला अर्धंच पटतं. त्यातलं ट्रान्सफ्लुथ्रिन हे कीटकनाशक हवेत मिसळतं म्हणूनच तर डास मरतात, आणि बंद खोलीत रात्रभर तीच हवा आपण ओढतो. आमच्याकडे खिडक्या लावून मशीन उशाशी असायचं. सकाळी धाकटीचा घसा धरलेला, शिंका वेगळ्याच. मग झोपायच्या तासभर आधी लावून नंतर बंद करायला लागलो, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. शिंका बऱ्याच कमी झाल्या.

कॉइल मात्र सरळ हद्दपार करा. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. हे कण औषधाचे कमी, जळणाऱ्या भुशाचेच जास्त. त्यामुळे 'हर्बल' लिहिलेली घेऊनही सुटका नाही.

फॉगिंगच्या गाडीमागे पोरं धावतात (आम्हीही धावायचो!). तो धूर बहुतेक डिझेलचाच, औषध त्यात नावापुरतं. त्याने उडते डास मरतात, कुंडीखालच्या ताटलीतल्या अळ्या मजेत राहतात. घरात फिशटँक असेल तर तो झाकून ठेवा, ही औषधं माशांना फार घातक.