मार्को पास्तर्स : पद गेले, पण वजन कसे टिकले?

प्रश्न
नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात मार्को पास्तर्स हे स्थलांतर आणि इस्लामविषयीच्या कठोर भूमिकेमुळे वादग्रस्त ठरलेले उजव्या विचारांचे नेते. नोव्हेंबर २००५ मध्ये नगर परिषदेने अविश्वास ठराव मंजूर करून त्यांना 'वेटहाउडर' (महापौरासोबत शहराचा कारभार पाहणारा पदाधिकारी) या पदावरून दूर केले. त्यांचा पक्ष परिषदेत सर्वांत मोठा असताना हे कसे घडले? आणि त्याच व्यक्तीकडे पुढे शहराच्या दक्षिण भागाच्या पुनरुत्थानाची सूत्रे का सोपवण्यात आली?

प्रतिसाद १
पहिल्या प्रश्नाचे उत्तर संख्याबळात आहे. मार्च २००२ मध्ये पिम फोर्टाउन यांच्या नेतृत्वाखाली पास्तर्सांच्या 'लेफबार रॉटरडॅम' या पक्षाने ४५ पैकी १७ जागा जिंकल्या आणि दुसऱ्या महायुद्धापासून शहरात अग्रस्थानी असलेल्या मजूर पक्षाला मागे टाकले. तरीही बहुमत नसल्याने त्यांना ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि उदारमतवादी पक्षांसोबत आघाडी करावी लागली. तेथे महापौर निवडून येत नाही, तर नियुक्त होतो. मात्र त्याच्यासोबत कारभार पाहणारे 'वेटहाउडर' परिषदेच्या विश्वासावरच पदावर राहतात. मुस्लिम लोक गुन्ह्यांसाठी धर्माचा वा संस्कृतीचा आधार सबब म्हणून घेतात, असे विधान पास्तर्स यांनी केल्यावर परिषदेतील बहुमताचा विश्वास त्यांनी गमावला. मोठा पक्ष आणि बहुमत यांतील फरक येथे महागात पडला.

प्रतिसाद २
केवळ पास्तर्सांच्या विधानांवर थांबलो तर कोणत्या वस्तीत कोणाला घर मिळावे हा त्या काळातील खरा वाद नजरेआड होतो, असे मला वाटते. २००६ पासून लागू झालेल्या आणि 'रॉटरडॅम कायदा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार, निवडक वस्त्यांत भाड्याने घर घेऊ पाहणारी, पण रॉटरडॅम परिसरात सहा वर्षांहून कमी काळ राहिलेली व्यक्ती केवळ सामाजिक भत्त्यावर जगत असल्यास तिला तेथे घर नाकारता येते. हा भेदभाव आहे की वस्तीचे संतुलन, यावरील खटला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये निकाल नेदरलँड्सच्या बाजूने लागला. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांना मात्र या उपायाने वस्त्यांची राहणीयोग्यता सुधारल्याचे आढळले नाही. कायदेशीर असणे आणि उपयोगी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पास्तर्सांचे समर्थक त्या सहज एकत्र करतात.

प्रतिसाद ३
दुसऱ्या प्रश्नाबाबत. २००६ च्या पालिका निवडणुकीत पास्तर्सांच्या नेतृत्वाखाली पक्षाला १४ जागा मिळाल्या आणि मजूर पक्षाला १८. त्याच वर्षी त्यांनी योस्ट एर्डमन्स यांच्यासोबत काढलेल्या राष्ट्रीय पक्षाला संसदेत एकही जागा मिळाली नाही. म्हणजे निवडणुकीच्या वाटेने ते फार पुढे गेलेच नाहीत. २०१२ मध्ये ते दक्षिण रॉटरडॅमच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे संचालक झाले, तेव्हा काम शाळा, रोजगार आणि घरे यांचे होते, आणि त्यासाठी सरकार, पालिका, गृहनिर्माण संस्था यांना एकत्र बसवणारा माणूस हवा होता. जहाल वक्तृत्व तिथे निरुपयोगी असते; वस्त्यांची बारीक माहिती आणि चिकाटी मात्र लागते, आणि ती त्यांच्याकडे होती हे विरोधकांनाही मान्य करावे लागेल. जुन्या विधानांमुळे दुखावलेल्या रहिवाशांना ही निवड पटली असेलच असे नाही.