सिंटर्ड फिल्टरमधली क्रॅक पीस न कापता कशी शोधायची?

क्यूसी_नवखा: आमच्याकडे सिंटर्ड (पावडर भट्टीत तापवून जोडलेल्या, छिद्रदार) स्टेनलेस स्टीलच्या फिल्टर ट्यूब असतात, वेल्डच्या कडेला कधीकधी केसासारखी क्रॅक निघते. डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे क्रॅकमध्ये रंग झिरपवून बघणं) करून बघितली तर अख्खी ट्यूब लाल झाली आणि आता रंग धुतला तरी निघत नाहीये. हवा सोडून प्रेशर ड्रॉप मोजला तर चांगली आणि खराब ट्यूब सारखंच रीडिंग देतात. अल्ट्रासॉनिक चालेल का? पीस कापून चालणार नाही, पुढे वापरायचेत.

जाळीदार: डीपी चालणारच नाही, ते पृष्ठभागावर उघडणारी क्रॅक शोधतं आणि तुमचा तर सगळा पृष्ठभागच उघड्या छिद्रांचा आहे. अल्ट्रासॉनिकचंही तेच, लाट छिद्रांवर आपटून विखुरते. प्रेशर ड्रॉपमध्ये लाखो छिद्रांतून हवा जाते, त्यात एका क्रॅकची हवा कुठे कळणार?

बबल पॉइंट करा. ट्यूब आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पूर्ण भिजवायची, त्यातच बुडवून आतून हवेचं प्रेशर हळूहळू वाढवायचं. छिद्र जितकं मोठं तितक्या कमी प्रेशरला त्यातला द्रव बाहेर ढकलला जातो. गोल छिद्र धरलं तर १० मायक्रॉनला साधारण ८७ मिलीबार लागतात, ३० मायक्रॉनला २९च. म्हणजे क्रॅक सगळ्यात आधी बुडबुडे सोडते, आणि नेमकी कुठे आहे तेही डोळ्यांना दिसतं. हायड्रॉलिक फिल्टरसाठी आयएसओ २९४२ याच तत्त्वावर आहे. आयपीए पेट घेतं, आसपास ठिणगी नको, हवा खेळती ठेवा.

क्यूसी_नवखा: करून बघितलं, पण दर वेळी रीडिंग वेगळं येतंय आणि बुडबुडे टोकाच्या सीलपाशीच दिसतायत.

जाळीदार: मग आधी सील बदला, तिथली गळती क्रॅकसारखीच दिसते. आणि भिजवताना व्हॅक्यूम लावा, आत हवा अडकून राहिली की चांगला पीसही फेल होतो.

भट्टीजवळ: अजून एक, ट्यूब किती खोल बुडवलीय ते बघा. आयपीएत १० सेंटिमीटर खाली गेलं की जवळजवळ ८ मिलीबार वाढतात, २९ मध्ये ८ म्हणजे बराच फरक पडला ना! ट्यूब आडवी ठेवायची, वरची बाजू जेमतेम बुडेल इतकीच, आणि सावकाश गोल फिरवत बघायचं. आम्ही सिरॅमिक कँडल (मेणबत्तीच्या आकाराचे फिल्टर) आधी हलकेच ठोकून ऐकतो, तडा असेल तर आवाज बद्द येतो, पण तेवढ्यावर पास करत नाही, बारीक तडा त्यात सुटतो.

क्यूसी_नवखा: सील बदललं, आडवी धरून फिरवली. ३३ मिलीबारला वेल्डच्या कडेला एकाच जागी बुडबुड्यांची माळ सुरू झाली, तीनदा केलं तरी तिथेच. चांगली ट्यूब ८० पर्यंत गप्प होती. मनापासून आभार दोघांचे, आता आधीच्या लॉटच्या सगळ्या ट्यूब परत काढतोय.