मदत हवी आहे: दीड हजार वर्षं कोंडलेला लिच आजवर सुटला का नाही?

पोहेतर्री

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून खेळायचा कथाखेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं. नागपुरातलं टेबल, पाच खेळाडू, सध्या ९वी लेव्हल. कॅम्पेनचा मुलूख विदर्भावर बेतलाय: वैनगंगेसारखी नदी, मँगनीजच्या खाणी, माळावर शिळावर्तुळं. खलनायक कालशर्मा हा लिच, म्हणजे मेल्यावरही जादूने टिकून राहिलेला जादूगार आहे, पण वळण आपल्या ब्रह्मसमंधाचं. विद्या अफाट, आणि मेल्यावरही पोथी सुटत नाही.

दीड हजार वर्षांपूर्वी त्याला इम्प्रिझनमेंट या कैद करणाऱ्या स्पेलने (मंत्राने), बरियल प्रकारात, जमिनीखाली गाडला एवढं ठरलंय. काळ मुद्दाम इतका मागे नेला. एल्फ साडेसातशे वर्षं जगतात, त्यामुळे सहाशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हटली तर 'माझ्या आजीने पाहिलंय' म्हणणारा कुणी ना कुणी निघतोच.

आमच्या टेबलावर एक विझार्ड आहे, नियमांत एकदम पक्का. तो विचारणारच: पकडला तर मारून का नाही टाकला? इतका मोठा जादूगार आतून सुटला कसा नाही? लिचला आत्मे खायला लागतात, मग उपाशी टिकला कसा? आणि मुळात पकडला तरी कसा? शिवाय कालशर्मा खेळाडूंच्या स्वप्नात येऊन बोलतो, हे तीन सेशन चालू आहे. ते आता मागे घेता येत नाही. 'जादू आहे, सोड ना' हे उत्तर टेबलावर चालणार नाही.

वीसफाशी

आधी बरियल काढून टाका. त्यात लिच एक दिवससुद्धा टिकत नाही.

इम्प्रिझनमेंट तोडायला डिस्पेल मॅजिक हा जादू मोडणारा स्पेल लागतो, तो ९व्या लेव्हलच्या स्लॉटने (स्लॉट म्हणजे स्पेल टाकायची मोजकी संधी) टाकलेला हवा, आणि निशाणा एकतर कैदखाना किंवा कैद करताना वापरलेली खास वस्तू. आता मॉन्स्टर मॅन्युअलमधलं लिचचं पान उघडा. १८व्या लेव्हलचा जादूगार, तयार यादीत डिस्पेल मॅजिक, ९व्या लेव्हलचा एक स्लॉट. बरियलमध्ये कैदी एका गोळ्यात बंद असतो, म्हणजे गडी गोळ्याच्या आत बसलाय, निशाणा चारही बाजूंनी समोरच आहे. स्लॉट शिल्लक असेल तर सहा सेकंदांत बाहेर, नसेल तर एक लाँग रेस्ट (स्लॉट परत भरणारी मोठी विश्रांती) घेऊन बाहेर. वरून तो गोळा जादुई बलाचा, आणि डिसइंटिग्रेट नेमका बलाने बनलेल्या गोष्टींवर चालतो. तोही लिचच्या यादीत आहे. यावर वाद घालता येतो, पण तुमचा विझार्ड तो घातल्याशिवाय राहणार नाही.

इम्प्रिझनमेंटचे बाकी प्रकार पाहा. चेनिंगमध्ये तो जखडलेला, पण तोंड आणि बोटं मोकळी. हेज्ड प्रिझन आणि रत्नातला मिनिमस कंटेनमेंट, दोन्हीकडे तेच. पाचांपैकी लिचला खरोखर धरून ठेवणारा प्रकार एकच, स्लंबर, म्हणजे न मोडणारी झोप. झोपलेला माणूस स्पेल टाकत नाही.

'अनडेडला झोप कुठली' असा प्रश्न येईल. स्लीप स्पेल अनडेडवर चालत नाही हे त्या स्पेलमध्येच वेगळं लिहिलंय. इम्प्रिझनमेंटमध्ये तशी सूट नाही. लिचच्या कंडिशन इम्युनिटी (ज्या अवस्था त्याला लागूच होत नाहीत) पाहा: चार्म्ड, एक्झॉशन, फ्राइटन्ड, पॅरलाइज्ड, पॉइझन्ड. अनकॉन्शस (बेशुद्ध) त्यात नाही.

नियमनारद

वीसफाशींशी सहमत. पण कालशर्मा जागा हवा असेल तर अजून एक वाट आहे: त्याची पोथी.

विझार्डला तयार स्पेलांची यादी बदलायला स्पेलबुक समोर लागतं. पोथी नसेल तर शेवटची यादी तशीच राहते. कैद करणाऱ्यांनी तो दिवस असा निवडला की त्याच्या यादीत डिस्पेल मॅजिक आणि डिसइंटिग्रेट नव्हते, आणि आधी पोथी पळवली. आता स्लॉट रोज भरतात, पण यादी दीड हजार वर्षं तीच. स्टॅटब्लॉकमधले (पुस्तकातल्या तयार माहितीतले) स्पेल बदलायचा हक्क डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, आहेच. यात खेळाडूंना मुद्दलात काहीतरी मिळतं: पोथी अजून कुठेतरी आहे, आणि भक्तांना ती कैदखान्यात पोहोचवायची आहे. फक्त 'त्या दिवशी यादीत काय आहे' हे सांगणारा घरभेदी दाखवावा लागेल, नाहीतर हा योगायोग वाटेल.

आता पकडला कसा. इथे बहुतेक डीएम हात झटकतात, पण हिशेब बसतो.

इम्प्रिझनमेंट टाकायला एक मिनिट लागतं, म्हणजे दहा फेऱ्या. पल्ला ३० फूट. सेव्ह, म्हणजे स्पेलमधून वाचायला टाकायचा फासा, विझडमचा. लिचचा बोनस +९, टाकणाऱ्याचा डीसी (वाचायला गाठावा लागणारा आकडा) १९ धरला तर फाशावर १० किंवा जास्त आलं की तो वाचला, म्हणजे ५५ टक्के. एकदा वाचला की त्या माणसाच्या इम्प्रिझनमेंटपासून कायमचा मोकळा. त्यातही दिवसाला तीन लेजंडरी रेझिस्टन्स, म्हणजे चुकलेला सेव्ह जमला असं धरायची मुभा. समोरासमोर हे जमणारच नाही.

जमतं ते बॅनिशमेंट या थोडा वेळ हद्दपार करणाऱ्या स्पेलने. तिथे सेव्ह करिश्माचा, आणि लिचचा करिश्मा फक्त +३. डीसी १७चे क्लेरिक (देवाची जादू वापरणारे पुजारी) घ्या: तो ६५ टक्के वेळा फसतो. म्हणजे तीन रेझिस्टन्स जाळायला सरासरी चार-पाच बॅनिशमेंट, सगळे एकाच दिवसात, कारण दिवस बदलला की तिन्ही परत येतात. तो काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल हाणून पाडणारा) मारेल, पण रिअ‍ॅक्शन फेरीला एकच, म्हणून दोन-तीन क्लेरिक एकाच फेरीत हवेत. रेझिस्टन्स संपल्यावरचा बॅनिशमेंट लागला की तो जास्तीत जास्त एक मिनिट एका डेमिप्लेनमध्ये (छोट्या वेगळ्या जगात) जातो, तिथे इनकपॅसिटेटेड (काहीच करता न येणारा) असतो, आणि परत येतो तो जिथून गेला त्याच जागी.

हे एक मिनिटच आपल्याला हवं होतं. ज्या फेरीत बॅनिशमेंट लागतो त्याच फेरीत, त्या जागेपासून ३० फुटांच्या आत उभे राहून दोन विझार्ड इम्प्रिझनमेंट सुरू करतात. दहाव्या फेरीत त्यांचा मंत्र संपायच्या क्षणभर आधी क्लेरिक स्वतःहून कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवून धरणारं लक्ष) सोडतो. लिच परततो आणि लगेच दोन सेव्ह. एकाने ४५ टक्के, दोघांनी ७० टक्के, तिघांनी ८३ टक्के. फसतं कुठे? क्लेरिकने घाई केली तर लिच मंत्र अर्धवट असताना परततो. शिवाय लांबलेला मंत्र म्हणताना विझार्डलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं. भक्तांचा एक बाण लागला, सेव्ह चुकला, की मंत्र मोडला.

गोंडवन

स्लंबर घेणार असाल तर 'मारला का नाही' याचं उत्तर त्यातच आहे, आणि तेच कॅम्पेनमधलं सगळ्यात भारी हत्यार आहे.

लिचचं शरीर मोडलं आणि फायलॅक्टरी (त्याचा आत्मा जपलेली वस्तू) शाबूत असेल तर १ ते १० दिवसांत तिच्यापासून पाच फुटांच्या आत त्याला नवं शरीर मिळतं. झोपलाय तो त्याच्या शरीरात. म्हणजे कैदेतल्या लिचला मारणं म्हणजेच त्याला सोडणं! पहारेकऱ्यांचं काम त्याला जगापासून वाचवण्याचं नव्हतं, जगातल्या शूरवीरांपासून वाचवण्याचं होतं. तुमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) तो झोपलाय त्या चौथऱ्याशी पोहोचून काय करेल ते मला सांगायची गरज नाही.

फायलॅक्टरी त्यांना मिळाली नव्हती असं ठेवा. सिक्वेस्टर हा ७व्या लेव्हलचा स्पेल, ५००० जीपीचं (सोन्याच्या नाण्यांचं) रत्नचूर्ण, आणि वस्तू अदृश्य होते, डिव्हिनेशनने (शोध घेणाऱ्या जादूने) सापडत नाही. दीड हजार वर्षं कुणी शोधून थकलं तरी पटतं.

आत्म्यांचं: इम्प्रिझनमेंटमध्ये कैद्याला श्वास, अन्न, पाणी लागत नाही आणि वय वाढत नाही. आत्मे हे 'अन्न' धरायचं की नाही, हे नियमात नाही, तुम्हालाच ठरवायचंय. धरलं तर तो जसा झोपला तसाच उठेल. नाही धरलं तर शरीर झडत जाऊन डेमिलिच होतो, चौथऱ्यावर फक्त कवटी. मी दुसरं घेईन. पूर्ण लिच सीआर (आव्हानाची पातळी) २१, डेमिलिच सीआर १८, हिट पॉइंट ८०. पण राजे हो, त्याची किंकाळी विसरू नका: ३० फुटांच्या आत ज्याला ऐकू येते त्याला डीसी १५चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, चुकला की थेट ० हिट पॉइंट. ९व्या लेव्हलच्या टेबलावर पहिल्याच फेरीत तिघे आडवे होऊ शकतात. सायलेन्स स्पेल कुणाकडे आहे का ते आधी पाहून घ्या.

पोहेतर्री

बाप्पा, स्लंबर पक्कं. पण मग स्वप्नं? झोपलेला लिच बोलतो कसा? आणि स्लंबरची खास वस्तू काय, तीही जपायला लागेल ना?

वीसफाशी

वस्तू म्हणजे गुंगी आणणाऱ्या दुर्मीळ वनस्पती. किंमत कैद्याच्या दर हिट डाइसला (हिट पॉइंट ठरवणाऱ्या फाशाला) ५०० जीपी, लिचचे १८, म्हणून ९००० जीपीचा पाला. सोबत कैद्याचं चित्र किंवा कोरलेला पुतळा. (२०२४च्या नियमांत हा हिशेब नाही, सरळ ५००० जीपीचा पुतळा.) पाला दीड हजार वर्षांत कुजून गेला तरी स्पेल चालूच राहतो, उलट डिस्पेलला एक निशाणा कमी. रत्न किंवा साखळी वापरली असती तर एक घोळ होता: तीच वस्तू वापरून कुणी नवी कैद केली की जुना कैदी तत्काळ सुटतो. कथेला तो दुवा हवा असेल तर पाला सोन्याच्या डबीत टिकवून ठेवा.

स्वप्नांचं सोपं आहे: बोलणारा कालशर्मा नाहीच. ड्रीम हा ५व्या लेव्हलचा स्पेल त्याचा कुणी वारस टाकतोय. भयानक रूप घेऊन आलं तर निरोप दहा शब्दांच्या आत असावा लागतो, तेव्हा मागच्या तीन सेशनमध्ये तो काय काय बोलला ते मोजा. लांब बोलला असेल तर ते साधं रूप, चालतं. आणि हा स्पेल झोप न घेणाऱ्या एल्फला पोहोचत नाही. तुमच्यात एल्फ आहे का? त्याला स्वप्न पडलं होतं का?

जुनापाणी

नियम झाले, आता मुलूख. नागपूरजवळ जुनापाणीला तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत, काही दगडांवर वाटीसारखे खड्डे कोरलेले. कैदेची जागा तीच करा: माळभर वर्तुळं आणि एकाखालीच तो. डिव्हिनेशनने सापडत नाही, म्हणजे दगड वाचूनच शोधावं लागेल. खड्ड्यांची संख्या हा नकाशा.

सुटकेची अट स्पेल टाकणाऱ्याने ठरवायची असते. ती डोळ्यांना दिसणाऱ्या कृतीवर हवी, कुणाच्या लेव्हलवर किंवा हिट पॉइंटवर नाही, आणि कधीतरी घडण्यासारखी हवी. आपल्याकडे साचा तयार आहे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पिडा घेऊन जाणारा पुतळा, निघते, काळी १८८१पासून, पिवळी १८८५पासून, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर नेऊन जाळतात. तुमच्या मुलखात कालशर्माचा पुतळा दरवर्षी जळतो, आणि अट अशी की ज्या वर्षी तो जळणार नाही त्या वर्षी झोप मोडेल. गावाला कारण आठवत नाही, रीत आठवते. भक्तांना ९व्या लेव्हलचा जादूगार शोधायची गरजच नाही, एका वर्षी मिरवणूक बंद पाडली की झालं. खऱ्या मारबतीचं नाव, देऊळ, मिरवणुकीचा मार्ग मात्र खेळात आणू नका, तिथे लोकांची श्रद्धा आहे.

अट कुठे लिहिलीय? ताम्रपटावर. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांचं (विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याचं) नंदिवर्धन, आणि त्यांच्या ताम्रपटांची अक्षरं पेटिकाशीर्षक, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर चौकोनी पेटी. हँडआउटला तसंच वळण द्या. दानपत्रांच्या शेवटी शापवचन असतं: जमीन देणारा साठ हजार वर्षं स्वर्गात, हिरावणारा तितकीच वर्षं नरकात. त्या जागी तुमचा इशारा घाला, 'जो या निद्रिस्तावर शस्त्र उचलील'. विझार्डला वाटेल नेहमीचाच शाप आहे, पुढे जाऊ.

नियमनारद

जुनापाणी, इशारा एकाच ताम्रपटात ठेवला तर खेळाडूंना तो न मिळण्याची शक्यता मोठी. 'मारू नका' ही गोष्ट निदान तीन ठिकाणी हवी. एक ताम्रपटावर, एक मिरवणुकीच्या गाण्यात, एक चौथऱ्यापाशी पहारेकऱ्यांच्या सांगाड्यांवरून: सगळ्यांच्या जखमा समोरून, आणि त्यांच्या पाठी कैद्याकडे. म्हणजे ते बाहेरून येणाऱ्यांना अडवताना मेले.

आणि पोहेतर्री, मूळ पुतळा कुणी जाळला तर? नियमात पुतळा नष्ट झाल्याने स्पेल मोडतो असं कुठेही नाही. गावकरी दरवर्षी नवा पुतळा करतात असंच ठेवा.

पोहेतर्री

एल्फ आहे, आणि तिलाही स्वप्न पडलं होतं. 😬 बाकी सगळं बसतंय.

वीसफाशी

मग तिचं स्वप्न ड्रीम स्पेलचं नव्हतं. बाकी चौघांचं वारसाचं, आणि तिचं दुसऱ्याच कुणाचं. स्लंबर टाकणाऱ्या विझार्डचा तिच्या घराण्याशी संबंध जोडा. तिच्या ट्रान्समध्ये (एल्फ झोपेऐवजी घेतात त्या समाधीत) जे आलं ती जुनी आठवण होती, धमकी नव्हती. ती नेमकं काय ऐकली ते तुमच्या नोंदीत असेल, तेच वाक्य ताम्रपटावर उतरवा.

पोहेतर्री

नोंद काढली. तिला ऐकू आलं होतं, 'हात लावू नकोस'.

गोंडवन

मग काहून चिंता करता भाऊ, चौथी खूण मिळाली की. आता फायलॅक्टरी चौथऱ्यापासून दहा दिवसांच्या वाटेवर ठेवा. पॅलाडिनने तलवार चालवलीच तर दहा बाजूंचा फासा पडद्याआड टाका आणि आकडा कुणाला सांगू नका.