डेंग्यू, राउटर आणि गच्चीवरच्या छत्र्या

बी-३०१: नमस्कार. नातवाला काल रात्री ॲडमिट केलं. डेंग्यूची एनएस-१ टेस्ट पॉझिटिव्ह आलीये. आपल्या विंगमधली ही दुसरी केस. पहिली ३०२ मधल्या मुलाची. कमिटीने एकदा त्यांची बाल्कनी येऊन पाहावी. बॅचलर मुलांना फ्लॅट देऊ नका, हे मी मागच्या मीटिंगमध्येच म्हटलं होतं.

सी-४०४: काकू, काळजी घ्या. हॉस्पिटलमध्ये रात्री थांबायला कोणी आहे का? संध्याकाळचा डबा मी पाठवते.

बी-५०२: काकूंचं बरोबर आहे. मालक बाहेरगावी, भाडं महिन्याच्या महिन्याला खात्यात, आणि निस्तरायचं आपण.

बी-३०१: शिवाय त्यांचा तो वायफाय. चार अँटेनांचा राउटर नेमका आमच्या बेडरूमच्या भिंतीला लावलाय आणि पलीकडे नातवाचा पलंग. चोवीस तास रेडिएशन. पोराची प्रतिकारशक्तीच गेली तर दुसरं काय होणार?

बी-३०२: काकू, राउटर आजच हॉलमध्ये हलवतो. बाल्कनीत कपड्यांचा स्टँड सोडून काही नाही, कधीही येऊन बघा. माझा रूममेट परवाच घरी आलाय, अजून जिना चढवत नाही त्याला.

बी-४०१: राउटरबद्दल सांगतो, माझं रोजचं कामच ते आहे. या रेडिओ लहरींमध्ये पेशीतले रेणू तोडण्याइतकी ताकद नसते, एक्स-रेसारखा तो प्रकार नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओ लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकल्या, पण तो निर्णय मुख्यतः मोबाइल कानाला लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवरून झाला. भिंतीपलीकडच्या राउटरची शक्ती अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. आणि डेंग्यूचा तर त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. डेंग्यू डास चावल्याने होतो. राउटर घराच्या मधोमध, जरा उंचावर ठेवावा, पण तो रेंज नीट मिळावी म्हणून.

ए-१०२: मी हिवताप विभागात नोकरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कृपया पूर्ण वाचा.

डेंग्यूचा डास चावल्यावर साधारण ४ ते १० दिवसांनी ताप येतो. त्या रुग्णाला दुसरा डास चावला, तरी विषाणू डासाच्या अंगात वाढून तो डास रोग पसरवायला लागेपर्यंत आणखी ८ ते १२ दिवस जातात. ३०२ मधला मुलगा आधी आजारी पडला याचा अर्थ इतकाच, की त्याला आधी चावला. तो रोगी आहे, गुन्हेगार नाही. हा डास दिवसा चावतो. मुलाला ऑफिसात चावला, जिन्यात चावला की घरात, हे कोणीच सांगू शकत नाही.

सांगता येतं ते एवढंच, की डास कुठे वाढतोय. त्यासाठी आज सकाळी वॉचमनकडून चावी घेऊन बी विंगची गच्ची पाहिली. आधी ३०२ ची बाल्कनीही पाहिली, कोरडी ठणठणीत आहे. गच्चीवर मात्र टीव्हीच्या ११ छत्र्या आहेत. घरोघरी फायबर आल्यावर कनेक्शनं बंद झाली, छत्र्या तिथेच राहिल्या. चार छत्र्या स्टँड गंजून उताण्या पडल्यात आणि त्यांत पावसाचं पाणी भरलंय. ब्रॉडबँडवाल्याच्या डब्याचं झाकण उलटं पडलंय, त्यात जेमतेम पेलाभर पाणी. टॉर्च मारल्यावर त्या पेलाभर पाण्यातल्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. या डासाच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरक्या लटकतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

बी-५०२: म्हणजे चूक त्या ब्रॉडबँडवाल्याची. त्याला नोटीस काढा.

ए-१०२: साहेब, झाकण त्याचं, छत्र्या आपल्या. एकीवर फ्लॅट नंबर अजून वाचता येतो, तो इथे लिहिणार नाही. कोणाकोणाच्या आहेत हे शोधत बसलो तर आठवडा जाईल, आणि तेवढ्यात पुढची खेप उडेल. पाणी मी ओतून दिलंय. पण काठाला चिकटलेली अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून छत्र्या घासून खाली उतरवायलाच हव्यात.

सी-२०३: काका, महापालिकेकडून धूर फवारणी करून घेऊ या का?

ए-१०२: घ्या, पण धुराने उडते डास तेवढे मरतात. अळ्यांना काही होत नाही.

बी-१०४: एक सांगायचं होतं. आमच्या मुलीलाही तीन दिवस ताप आहे. वरचं वाचून ग्रुपवर लिहायचा धीर झाला नाही. आम्हीही भाड्यानेच राहतो.

सी-४०४: अगं ताई, मला फोन तरी करायचास! आत्ता येते खाली.

ए-३०१ (डॉक्टर): १०४, आजच एनएस-१ आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून घ्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही तिच्या वजनाप्रमाणे. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको. पाणी, ताक, ओआरएस चालू ठेवा. ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका. खरा धोका बहुधा तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, मूल मलूल होणं, यातलं काहीही दिसलं तर माझ्या फोनची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. ताप आहे तोवर तिला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा.

आणि सगळ्यांना हात जोडून विनंती. इथे कोणाकडे बोट दाखवलं की पुढचा माणूस ताप लपवतो. या आजारात लपवलेले तीन दिवस जिवावर बेतू शकतात.

बी-३०१: १०४, रिपोर्ट आला की मला कळवा. आमच्याकडे जादा मच्छरदाणी आहे, सुनेला घेऊन यायला सांगते.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ८ वाजता तिन्ही विंगच्या गच्च्या साफ करायच्या आहेत. भंगारवाला ९ ला येईल. ज्यांची छत्री चालू आहे त्यांनी आज रात्रीपर्यंत कळवावं, बाकीच्या उतरवल्या जातील. दर रविवारी कोरडा दिवस: पिंप, बादल्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून घासायचा. ब्रॉडबँडवाल्याशी बोललोय, तो नवीन झाकण स्क्रूने बसवून देतोय.

बी-३०२: आम्ही दोघं येतो सर. घासायचे ब्रश आणि हातमोजे सोसायटीकडे आहेत की आणू?

सेक्रेटरी: ब्रश आहेत. हातमोजे आणा.