मदत हवी आहे: एआय एजंटसाठीचे लिंक तपासणारे टूल 'सुरक्षित' म्हणते, तेव्हा नेमके काय समजावे?

नमस्कार.

पुण्याजवळच्या एका छोट्या मालवाहतूक व्यवसायासाठी मी ईमेल वाचणारा एआय एजंट तयार करत आहे. वाहनांच्या नावे आलेली ई-चलाने, विमा नूतनीकरणाच्या सूचना आणि ग्राहकांचे बिलांविषयीचे ईमेल वाचणे, त्यांतील लिंक उघडणे आणि लागणारा तपशील नोंदवून ठेवणे हे त्याचे काम आहे. खोट्या ई-चलानांचा सुळसुळाट सर्वांना ठाऊक आहेच. पत्त्यात 'परिवहन' हा शब्द असतो, पण शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसते, आणि लिंक उघडली की एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) उतरू लागते. म्हणून कोणतीही लिंक उघडण्यापूर्वी एजंटने ती एका तपासणी टूलकडे पाठवावी, अशी व्यवस्था मी केली आहे. हे टूल मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलद्वारे, म्हणजे एमसीपीद्वारे (एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याच्या ठरावीक पद्धतीने) जोडलेले आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न त्या एका टूलपुरता नाही.

टूल चालते, अडचण त्याच्या डॉक्युमेंटेशनची, म्हणजे सोबतच्या लिखित माहितीची आहे. ते जोडायचे कसे, हे पायरीपायरीने आणि नीट लिहिले आहे, पण त्याच्या उत्तराचा अर्थ काय, हे कुठेही सांगितलेले नाही. उदाहरणार्थ, गूगल सेफ ब्राउझिंग या धोकादायक पत्ते ओळखणाऱ्या सेवेच्या चौथ्या आवृत्तीतील लुकअप एपीआयला (प्रोग्रामला थेट विचारणा करता यावी अशा सोयीला) एखादा पत्ता विचारला आणि तो धोकादायक पत्त्यांच्या यादीत नसला, तर रिकामे उत्तर येते. त्याचा अर्थ 'आमच्या यादीत हा पत्ता नाही' एवढाच होतो. फसवी पाने मात्र अनेकदा काही तासांसाठीच उभी केली जातात, त्यामुळे यादीत नसणे आणि सुरक्षित असणे यांत मोठे अंतर राहते. माझे टूल हे अंतर पुसून टाकते आणि सरळ 'सुरक्षित: होय' असे कळवते.

याहून गंभीर बाब तपासणी अपुरी राहिल्यावर दिसते. टूल एका वेळी अनेक बाह्य सेवांना विचारते, आणि अशा सेवांवर मर्यादा असतात; फाइल आणि लिंक तपासणाऱ्या व्हायरसटोटल या सेवेच्या मोफत एपीआयवर मिनिटाला 4 आणि दिवसाला 500 विनंत्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा संपली किंवा सेवेने वेळेत उत्तर दिले नाही, तर टूल काय परत करते, हे डॉक्युमेंटेशनमध्ये नाही. म्हणून मी त्याचे बाहेरचे नेटवर्क तोडून एक लिंक तपासायला दिली. उत्तरात 'सुरक्षित: होय' असेच आले, फरक इतकाच, की 'स्रोत' हा रकाना रिकामा होता. माणसाच्या नजरेला तो रिकामा रकाना कदाचित खटकला असता, पण एजंटने 'लिंक तपासली असून ती सुरक्षित आहे' अशी नोंद केली आणि तो पुढच्या कामाला लागला. एमसीपीमध्ये टूलचे नाव, वर्णन आणि त्याला द्यायच्या माहितीचा आराखडा मॉडेलपुढे ठेवला जातो, आणि त्यावरूनच मॉडेल त्या टूलचा उपयोग ठरवते. या टूलचे वर्णन एका ओळीचे आहे: लिंक सुरक्षित आहे का, ते सांगते. मॉडेलने त्यावर विश्वास ठेवला, यात मॉडेलला दोष देणे मला योग्य वाटत नाही. इथे डॉक्युमेंटेशन हाच सुरक्षाव्यवस्थेचा भाग आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आणखी काही गोष्टी संदिग्ध आहेत. आखूड केलेली लिंक शेवटच्या पत्त्यापर्यंत तपासली जाते की पहिल्याच पत्त्यावर थांबते, हे कळत नाही. पासवर्ड बदलण्याच्या लिंकमध्ये गुप्त टोकन, म्हणजे खात्यात बदल करू देणारा संकेत असतो. अशी लिंक बाहेरच्या सेवेकडे पूर्ण जाते की नाही, हेही लिहिलेले नाही. यूआरएलस्कॅनसारख्या लिंक तपासणाऱ्या सेवेत सार्वजनिक पर्याय निवडला गेला, तर ती लिंक कोणालाही शोधता येते, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. शिवाय, पत्ता निर्दोष असूनही पानावरील मजकुरात एजंटसाठी छुप्या सूचना असू शकतात. 2022 मध्ये सायमन विलिसन या प्रोग्रामरने ज्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिले, त्याचाच हा प्रकार आहे. टूल पानाचा मजकूर वाचते की केवळ पत्ता, याचा उल्लेख मला सापडला नाही.

सध्या मी टूलभोवती एक छोटा थर लिहीत आहे. तो 'धोकादायक', 'यादीत आढळले नाही' आणि 'तपासणी झाली नाही' अशी तीनच उत्तरे देईल. तिसरे उत्तर आल्यास लिंक उघडायची की नाही, हा निर्णय मॉडेलकडे न ठेवता कोडच एजंटला थांबवेल आणि तो ईमेल कार्यालयातील व्यक्तीकडे जाईल. 'धोकादायक' आल्यास लिंक उघडलीच जाणार नाही. खरी अडचण मधल्या उत्तराची आहे, कारण रोजच्या बहुतेक लिंक त्यातच मोडतील. त्यासाठी विश्वसनीय पत्त्यांची स्वतःची यादी ठेवावी, की अशा लिंक वेगळ्या, बंदिस्त ब्राउझरमध्ये उघडून केवळ मजकूर एजंटला द्यावा? ज्यांनी हे प्रत्यक्ष वापरात आणले आहे, त्यांचा अनुभव हवा आहे.

तसेच, तपासणी अर्धवट राहिल्यास कोणते उत्तर येते आणि लिंक कोणाकोणाकडे पाठवली जाते, हे स्पष्ट सांगणारे डॉक्युमेंटेशन असलेले एखादे टूल माहीत असल्यास कृपया नाव सुचवावे. टूलच्या निर्मात्यांना मी सुधारित वर्णनाचा मसुदा पाठवणार आहे. त्यासाठी चांगला नमुना मिळाल्यास मोठी मदत होईल.